भाकर न खाणारं कुत्रं

चहा घ्या. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. सांगताना कोणी मधे हसलं तर मी थांबतो, आणि एकदा थांबलो की पुन्हा सांगत नाही.

माझं शिक्षण चौथी. पण आमच्या आदिलाबाद भागात जनावराची पारख विचारायला पार बेला गावाहून लोक माझ्याकडे यायचे. यायचे, असं म्हणतो आहे. का, ते कळेल.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या माळावर लांडगा आला. शांताबाईची दोन करडं त्यानं नेली. शांताबाई आमच्या गल्लीतली, नवरा नाही, सगळं घर त्या बकऱ्यांवर. पंचायतीसमोर लोक जमले आणि ठरल्यातच जमा होतं: मेलेल्या करडात कपाशीवर फवारायचं औषध भरायचं आणि माळावर ठेवून द्यायचं.

जंगल खात्याची मुलगी आली होती. तेलुगू, वयानं लहान, मराठी तोडकंमोडकं.

"औषध नको," ती म्हणाली. "लांडगा मरणार, मग त्याला खाऊन घार मरणार, तुमचं कुत्रा पण मरणार. काट्याचं कुंपण उंच करा. पहाटे माणूस बसवा. पंधरा दिवस मला द्या."

"अन् पंधरा दिवसांत करडू गेलं तं?" संपतनं विचारलं. संपत म्हणजे माझा शेजारी.

"तर तुम्ही बोलाल तसं."

मग मी उभा राहिलो. "मी बसतो. माह्या डोळ्यासमोरून लांडग्यानं जाऊन दाखवावं."

आता गोष्ट अशी, की त्या डोळ्यांना वर्षभरापासून नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदू. हे मला सोडून कोणाला माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर पारख करणारा म्हातारा त्याच दिवशी बाद झाला असता. मी घोंगडी उचलली आणि शांताबाईच्या बकऱ्यांच्या कुंपणापाशी जाऊन बसलो.

आणि खरं सांगू? मला ते दिसणं आवडायला लागलं होतं. पहाटे कुंपणापाशी बसलं की समोरचं सगळं दुधात भिजलेलं. फुटलेली कपाशी कुठं संपते आणि धुकं कुठं सुरू होतं, समजायचं नाही. पळसाची झाडं हळूहळू जवळ यायची, थांबायची, पुन्हा मागे सरकायची. वाटेनं बैलबंडी गेली तर आधी घुंगरं, मग एक सावली, मग पुन्हा नुसती घुंगरं. आपण बसलो आहोत की तरंगतो आहोत, याचाही पत्ता लागत नसे.

दुसऱ्या दिवशी त्या दुधातून एक कुत्रं आलं. मातकट रंग, लांब पाय. वीसेक पावलांवर येऊन बसलं. मी लगेच ओळखलं. संपतचं.

आमच्याकडे न्याहारीचा पहिला तुकडा कुत्र्याचा. मी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा टाकला. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मला राग आला. मागे बकऱ्या एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. मी म्हटलं, थंडी आहे.

तीन दिवस हेच झालं. मग मी संपतला गाठलं.

"तुयं कुत्रं माजलं, संपत. भाकरीले तोंड लावत नाई."

"माह्यं? ते तं चप्पलबी खाते, काका."

"मंग मी खोटं बोलून राह्यलो का?"

"तसं नाई जी. पण सकाळी ते माह्या खाटेखाली असते."

"तू झोपेत असते. तुले काय मालूम? राखणीच्या जागी कुत्रं नको. बांधून ठेव."

संपतनं वयाचा मान ठेवला आणि कुत्रं साखळीनं बांधलं. दुसऱ्या पहाटे ते पुन्हा हजर. मी तडक त्याच्या अंगणात गेलो.

"सोडलं काऊन?"

"कुठी सोडलं? हे पाहा ना."

मी हात लावून पाहिलं. साखळी होती, साखळीला कुत्रंही होतं. अशा वेळी शहाणा माणूस घरी जातो. मी काय म्हणालो असेन?

"म्हंजे हे साखळी काढून येते, अन् परत येऊन सोताच अडकवून घेते."

संपतनं साखळी दोनदा ओढून दाखवली. त्याची बायको आतून म्हणाली, "जाऊ द्या ना, म्हातारं माणूस हाय." त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

बोलायला माणूस उरलं नाही, म्हणून मी कुत्र्याशी बोलू लागलो. ऐकायचं मात्र चांगलं. मान जराशी तिरकी, कान उभे. बायको गेल्यापासून घरात भांडं पडलं तरी बरं वाटतं, हे मी पोराला सांगितलेलं नाही, त्याला सांगितलं. ऊन वर यायचं, दूध आटू लागायचं, मग ते उठायचं आणि धुक्यात धुकं मिसळावं तसं निघून जायचं. उरलेला दिवस मला हलकं वाटायचं.

पंधरा दिवस झाले. एक करडू गेलं नाही. पंचायतीसमोर मी पहिल्या रांगेत बसलो.

जंगल खात्याच्या मुलीनं कुंपणाजवळच्या पळसाला कॅमेरा बांधला होता. तो फोटो काढतो एवढंच मला ठाऊक. तिनं मोबाइल पुढे केला. "तातय्या," ती म्हणाली. तेलुगूत आजोबाला तसं म्हणतात. "हे कुत्रा नाही. लांडगा आहे. रोज तोच."

लोक मोबाइलवर वाकले. मला त्यात काय दिसणार? पण ऐकू आलं. माझाच आवाज.

"...तुया मालकापेक्षा तू शाना. एक सांगतो, कोणाले सांगू नको. मले आताशा दिसत नाई. तू संपतचं कुत्रं हाय, हेबी मी अंदाजानंच म्हणतो."

मग संपत बोलला. भांडणानंतरचा पहिला शब्द.

"काका, त्यानं कोणाले सांगतलं नाई बरं. जबान पाळली."

हसणं थांबायला वेळ लागला. थांबल्यावर कोणी तरी औषधाचं काढलं, तशी शांताबाई उभी राहिली. "करडं माही गेली ना? मंग माह्यं ऐका. औषध नको. काकाचं बोलणं ऐकून त्या लांडग्याची भूकच मरून राह्यली. काकालेच बसू द्या." बाई काय म्हणते याच्यापुढे कोणाचं चाललं नाही. औषध राहिलं.

माझ्या डोळ्यांचं मात्र राहिलं नाही. संपतच मला मोटारसायकलवर आदिलाबादला घेऊन गेला, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मी पुन्हा कुंपणापाशी, तिथं सोडलेल्या बैलबंडीला टेकून बसलो. आता पळस जागच्या जागी उभे होते. एकेक काटा वेगळा दिसत होता. थोडं सुनंसुनं वाटलं.

आणि तो आला. नेहमीच्या जागी बसला, मान तिरकी केली, कान उभे केले. पिवळे डोळे. इतके पिवळे असतात हे मला माहीत नव्हतं.

शांताबाई धार काढायला आली तेव्हा तो गेला होता.

"काका, बंडीवर चढून काय करून राह्यले?"

"राखण," मी म्हणालो.

तिनं खाली पडलेली घोंगडी उचलली, झटकली आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"कोणाची?"