वासंतीमावशीचा तव्यांचा नांगर

माझी वासंतीमावशी उज्जैनला माधव नगरात राहते. बँकेतून रिटायर झालेली, दिसायला गरीब, पण तिच्याइतका डूख धरणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मला ती त्यासाठीच आवडते.

शहराबाहेर आजोबांची थोडी काळी जमीन आहे, शेजारी तिचा चुलतभाऊ विलास. तो दर उन्हाळ्यात बांध कोरायचा. नांगराची एकच रेघ आत. एका रेघेसाठी कोण भांडणार? अठरा वर्षांत अठरा फुटांची पट्टी गिळली त्याने. आजोबा विचारायला गेले, तर चारचौघांत म्हणाला, "काकांना म्हातारचळ लागलाय." आजोबा पुन्हा शेतावर गेले नाहीत, आणि वर्षभरात गेलेच.

यंदा पटवारी आला, सीमांकन झालं, दगड रोवले, पट्टी मावशीची ठरली. त्या पट्टीवर विलासचे मूग उभे होते. गावातला एकही ट्रॅक्टरवाला तिथे नांगर घालेना, कारण सगळ्यांना विलासच्या ट्यूबवेलचं पाणी लागतं.

"मीच चालवीन," मावशी म्हणाली.

आजोबांचा ट्रॅक्टर आणि तीन तव्यांचा, म्हणजे फाळाऐवजी लोखंडी थाळ्यांचा, गंजका नांगर शेडमध्ये होता. फ्रीगंजचा रमेश मिस्त्री शिकवायला यायचा. पहिल्या दिवशी तवे वाळल्या मातीवरून नुसते घसरले. रमेशने त्यांचा कल बदलला, वर दगड बांधले, तेव्हा कुठे ते रुतले. मग मावशीने स्वतःच्या शेताच्या कडेने ऐटीत एक फेरी मारली, आणि सगळी माती विलासच्या बाजूला जाऊन पडली.

"ताई, और डालो ना, आमच्याकडे कमीच आहे!" विलास खिदळला.

"मॅडम, तवा माती उजवीकडेच फेकतो," रमेश म्हणाला. "उधर से शुरू करो."

मावशीने ट्रॅक्टर दुसऱ्या टोकाला नेला. तीन आठवडे रोज पहाटे ती एकाच दिशेने, माती आपल्याच बाजूला पडेल अशी, नांगरायची, रिकामी परत यायची, पुन्हा नांगरायची. हातांना फोड आले होते.

मूग तोडणीला आठवडा उरला, त्या सकाळी तिने ट्रॅक्टर पट्टीत घातला. विलास धावत आला. "ताई, आठच दिवस रुक ना! शेंगा भरल्यात. आपलं रक्त एक आहे."

"दोन हजार सात, आठ, नऊ," मावशी ओरडली. एका फेरीत तीन रेघा, म्हणजे तीन वर्षं. भरले मूग मुळासकट उलटे पडत होते. मला कमालीचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

सहा फेऱ्यांत पट्टी संपली. विलास मातीत मटकन बसला होता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, ट्रॅक्टर रिकामा मागे नेला, आणि सातवी फेरी दगडांच्या पलीकडून काढली.

"मॅडम, वो उनकी ज़मीन है!" रमेश ओरडला.

मावशीने ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं, आणि गप्प बसलो.