बोट परत आली, तेव्हा नावाडी एकटाच होता

नागभीडच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, तेव्हाची ही घटना. नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, हे मात्र मनातून जात नाही.

आमच्या हद्दीत डोंगरांच्या पायथ्याशी मोठा तलाव होता. पावसाळ्यात लोक धबधबे पाहायला येत, थंडीत पक्षी आणि बोटिंगसाठी, उन्हाळ्यात वाघासाठी. त्यामुळे बंदोबस्त बारमाही. पर्यटकांच्या गर्दीत आमची नजर गाड्यांवर आणि भांडणांवर असायची. माणसांकडे पाहायला सवड कमीच.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तलावाकाठच्या विश्रामगृहाचा व्यवस्थापक ठाण्यात आला. नागपूरचे एक वयस्कर गृहस्थ आदल्या संध्याकाळपासून खोलीवर परतले नव्हते. मोबाईल, पाकीट, औषधं सगळं खोलीतच. मी मिसिंगची नोंद घ्यायला लावली, त्यांच्या मुलाला कळवलं आणि तलावावर गेलो.

काठावर उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या बाईनं मला बाजूला बोलावलं.

"साहेब, माहं नाव नोका सांगू. काल दिवस बुडाच्या आधी थे बाबूजी बोटीत बसून गेलते. बोट वापस आली, तं नावाडी एकटाच होता."

नावाडी पलीकडच्या काठावरच्या गावचा. एरवी मासे धरायचा, पर्यटक आले की बोट वल्हवायचा. बोटीत गृहस्थांची शाल सापडली. पंचनामा करून ती ताब्यात घेतली आणि नावाड्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. तिकडे मच्छीमारांनी तलावात शोध सुरू केला. दुपारी मुलगा पोहोचला आणि शाल पाहताच ती वडिलांचीच असल्याचं त्यानं सांगितलं.

"काल त्यांना कुठे नेलंस?" मी नावाड्याला विचारलं.

तो मान खाली घालून बसला.

"शाल तुझ्या बोटीत कशी?"

"राह्यली असन."

"जिवंत आहेत का ते?"

त्यानं मान वर केली, काही बोलणार असं वाटलं, पण पुन्हा खाली घातली. हवालदार आवाज चढवू लागला, तेव्हा मी त्याला बाहेर पाठवलं. ओरडण्यानं माणूस बोलतो, पण बहुतेक वेळा समोरच्याला हवं तेच बोलतो.

मी चहा मागवला. नावाड्यानं कपाला हात लावला नाही. खिडकीतून उतरतं ऊन पाहत म्हणाला, "साहेब, दिवस बुडाच्या आत मले घरी जाऊ द्या. उद्या पाह्यजे तं जेलात टाका. घरी बाई एकटी हाये, तिले एकटीले सांभारनं होनार नाई."

अटकेच्या भीतीनं माणसं वकील मागतात, सरपंचाला बोलवा म्हणतात. हा वेगळंच मागत होता.

"कोणाला सांभाळायचं आहे?" मी हळू विचारलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या शबद देल्ला हाये. पोरगा नाई, पोलीस नाई, कोनालेच सांगनार नाई म्हनून."

"मग सांगू नकोस. मी वर्दी काढून येतो. तू फक्त मला घरी घेऊन चल."

त्यानं डोळे पुसले आणि तो उठला. गृहस्थांच्या मुलाला मी ठाण्यातच थांबायला सांगितलं.

नावाड्याच्या अंगणात ते गृहस्थ खाटेवर बसले होते. शेजारी त्याची बायको तांदूळ निवडत होती आणि त्यांच्याशी सारखी काहीबाही बोलत होती. मी कोण ते त्यांनी लगेच ओळखलं.

"मी तलावात उडी मारायला गेलो होतो," ते म्हणाले. "बायको असताना आम्ही प्रत्येक ऋतूत इथं यायचो. बोट मधोमध आली आणि मी उभा राहिलो. यानं वल्हं टाकून माझा हात घट्ट धरला. म्हणाला, बाबूजी, आधी माह्या घरी जेवा."

"एकटे आलते, तवाच मले कसंतरी वाटलं," नावाडी म्हणाला. "घरच्याइले सांगतलं तं पुन्हा पान्यात जाईन म्हने. मंग काऊन सांगू?"

मी तिथेच बसलो. मुलाला बोलवायचं का, हे त्यांनाच विचारलं. नावाड्याकडे पाहून ते म्हणाले, "बोलवा."

मुलगा आला तो रागातच. वडिलांसमोर पोहोचल्यावर मात्र एवढंच म्हणाला, "बाबा, मला सांगायचं ना."

"तू विचारलं नाहीस रे," वडील म्हणाले.

मुलगा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी, नावाडी आणि त्याची बायको अंगणाबाहेर गेलो.

व्यक्ती सुखरूप मिळून आल्याची नोंद करून प्रकरण बंद झालं. मुलानं वडिलांचे उपचार सुरू केले. पुढच्या पावसाळ्यात बापलेक दोघं आले, तेव्हा विश्रामगृहात न उतरता नावाड्याच्याच घरी राहिले.

चौकशीत गप्प बसणारा काहीतरी लपवत असतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि ते खरंही आहे. पण तो स्वतःला वाचवतोय की दुसऱ्या कोणाला, हा प्रश्न मला त्या नावाड्यानं शिकवला. त्यानंतर माझ्यासमोर कोणी गप्प बसलं, की मी आधी त्याला विचारायचो, "घरी कोण वाट पाहतंय?" पुष्कळ जण तिथूनच बोलायला लागले.