व्याह्यांचं हाड

मतलूबा उझबेकिस्तानातल्या नमनगानहून आमच्या कझाकस्तानात, तराझच्या हमरस्त्यावरच्या खानावळीत स्वयंपाकाला आली, आणि पहिल्याच पहाटे तिने खानावळीपुढचा रस्ता झाडून काढला. नमनगानात सासुरवाशिणी उजाडायच्या आत दारापुढची गल्ली झाडतात, पाणी शिंपडतात. जी झाडत नाही तिच्या आईचा उद्धार होतो. इथे ट्रकवाल्यांनी तिला झाडूवाली समजून हॉर्न वाजवले. मालकीण कुल्पाश झोपेतून उठून दारात आली आणि कडाडली, "अगं ए, हमरस्ता काय तुझ्या सासऱ्याचा आहे? आत हो! कांदे कोण चिरणार?"

त्या दिवसापासून मतलूबाने परमुलखातले धडे एकेक करून गिरवले. इथे चहात दूध घालतात. बायका पुरुषांच्या पंगतीत बसतात आणि पुरुषांपेक्षा मोठ्याने हसतात. उझबेकाला माघारी ‘सार्त’ म्हणतात, आणि राग आला की तोंडावरही म्हणतात; बाजारबुणग्याला शिवी द्यावी तसं. तीही काही गाय नव्हती. मनातल्या मनात ती या लोकांना ‘मेंढ्यांमागे हिंडणारे’ म्हणायची आणि त्यांची दुधाळ चहाची भांडी घासताना नाक मुरडायची.

पण तिची शेंडी कुल्पाशच्या हातात होती. आल्या दिवशीच कुल्पाशने पासपोर्ट मागून घेतला. "पोलीस आले तर मी दाखवीन. तू ठेवणार कुठं, गाठोड्यात?" पासपोर्ट गेला लोखंडी कपाटात, पाहुण्यांच्या कपबश्यांशेजारी, आणि कपाटाची किल्ली कुल्पाशच्या गळ्यात. मतलूबाचे वडील वारले तेव्हा तिने तो परत मागितला होता. कुल्पाश हातातला चहाचा पेलासुद्धा खाली न ठेवता थंडपणे म्हणाली, "आतापर्यंत पुरलं असेल त्यांना. आता जाऊन काय त्यांना उठवून बसवणार?"

मतलूबाने त्या दिवशीही सगळ्या ट्रकवाल्यांना पुलाव वाढला. पण ते वाक्य तिच्या घशात मासळीच्या काट्यासारखं अडकून राहिलं.

आता तिची लेक सेवारा लग्नाला उभी होती. फोनवर म्हणाली, "आई, घर रंगवलं. भिंतीवरचं सगळं उतरवलं, तुझी रोटी तेवढी ठेवलीय." घरातलं माणूस लांब निघालं की त्याने रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी खिळ्याला टांगायची, अशी त्यांच्याकडची रीत. उरलेली रोटी माणसाला परत ओढून आणते. मतलूबाची रोटी तिथे वाळून लाकूड झाली होती.

ती कुल्पाशपुढे उभी राहिली. "आपा, माझा पासपोर्ट द्या. पोरीचं लग्न आहे."

"माझ्या पोरीचं नाही का? शुक्रवारी व्याही येताहेत पहिल्यांदा. ती पंगत नीट उठव, मग जा खुशाल."

"मागच्या वेळी पण दिला नाहीत तुम्ही..."

"मग नको करूस विश्वास. सरहद्दीवर सांग, पासपोर्ट घरी विसरला म्हणून."

मतलूबा परत चुलीकडे वळली. ऐकणारी आणखी एक होती. रौशन. मतलूबा यायच्या आधी हे स्वयंपाकघर रौशनचं होतं. ट्रकवाले मतलूबाच्या पुलावाची चौकशी करू लागले आणि रौशन कांद्यांवर जाऊन बसली. तेव्हापासून ती मतलूबाला पाण्यात पाहायची.

शुक्रवारी बाजारातून दोन सोललेल्या मेंढ्या आल्या. कुल्पाश केस बांधता बांधता ओरडून गेली, "रौशन, हिला मांस कसं काढायचं ते दाखव गं!" रौशन "हो हो" म्हणाली आणि कांदा सोलत बसली. मतलूबाने खानावळीत रस्सा केला होता, पुलाव केला होता, मोमोंसारखे वाफेवरचे मांती केले होते. इथल्या मानाच्या पंगतीला तिचा हात कधी लागलाच नव्हता. तिने दाराआडची कुऱ्हाड घेतली आणि नमनगानच्या खाटकाला लाजवील अशा सफाईने दोन्ही मेंढ्यांचे तुकडे केले. सगळे सारखे, मुठीएवढे. नमनगानात अख्खं हाड ताटात आलं तर स्वयंपाकीण आळशी ठरते.

रौशनने प्रत्येक घाव ऐकला. ती कझाक घरात जन्मलेली; मेंढीचं हाड सुरीने सांध्यात सोडवायचं असतं, तोडायचं नसतं, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. प्रत्येक हाडाचा मानकरी ठरलेला, आणि कंबरेचं हाड व्याह्यांचं, तेही अख्खं. एक शब्द बोलली असती तर काय जीभ झडली असती? नाही बोलली.

संध्याकाळी व्याही मंडळी आली. जमिनीवर जेवणाचं लांबलचक दस्तरखान अंथरलं होतं, जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत. दारापासून सर्वांत दूर, मानाच्या जागी, विहीणबाई उल्बोसिन ऐसपैस बसल्या. शेजारी त्यांचे यजमान. आधी मांती आले. विहीणबाईंनी तीनदा मागून घेतले. कुल्पाश फुलून गेली. "आमची उझबेक बाई हो! सोन्यासारखा हात, आणि तोंडात जीभ नाही."

मग मुख्य परात आली. व्याह्यांनी सुरी उचलली आणि तशीच खाली ठेवली. परातीत व्याह्यांचं हाड तीन ठिकाणी फुटलेलं होतं.  कोणी खाकरलं. विहीणबाईंनी फुटक्या हाडाचा एक तुकडा बोटांत धरून दिव्याकडे नेला.

"कुल्पाश, आम्ही सोयरीक जोडायला आलो की कुत्री जेवायला बसवलीस तू?"

कुल्पाशचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. तिने मतलूबाला ओढतच दारात आणून उभं केलं. "ही! हिनं केलं! सार्ताला काय कळतं हाडाचं!"

"मला कोणी सांगितलं नाही, आपा," मतलूबा म्हणाली. तिच्या कानशिलांवर आग पेटली होती. लाजेची म्हणावी तर लाजेची, आणि रागाची त्याहून जास्त. स्वयंपाकघराच्या दारातून रौशन बघत होती. मतलूबाने वळून बघितलं तेव्हा तिने नजर कांद्यात घातली.

"सांगितलं की नाही सांगितलं, ते तुमचं तुम्ही बघा," उल्बोसिन म्हणाल्या. "मान मोडला, दंड द्या."

दंडाची रीत जुनी. व्याही दुखावले की ते मागतील ते द्यायचं. घोडा मागोत, झगा मागोत, नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर सोयरीक तिथेच मोडली. कुल्पाशची लेक पडद्याआड रडवेली होऊन ऐकत होती. कुल्पाश हात जोडून म्हणाली, "मागा, विहीणबाई. अंगणातला तांबडा घोडा नेता?"

"घोडे आमच्याकडं ढीगभर आहेत." उल्बोसिन हसल्या. दातांत मांती अडकलेला होता. "आमची चू गावातली खानावळ ठाऊक आहे ना? आमचा आचारी पळाला. ही बाई द्या."

सगळे मोठ्याने हसले. अपमान विरघळला. कुल्पाशने ओठ चावला. अशी स्वयंपाकीण तिला दुसरी मिळणार नव्हती. पण लेकीपुढे स्वयंपाकीण ती काय! "दिली," ती म्हणाली.

"पासपोर्टासकट. नाहीतर तीही पळायची."

मतलूबा दारातच उभी होती. तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. कुल्पाशने कपाट उघडलं, तबकात व्याह्यांच्या मानाचा नवा कोरा मखमली झगा घातला, झग्यावर पासपोर्ट ठेवला आणि तबक मतलूबाच्या हातात दिलं. "जा, तूच नेऊन दे. मान खाली घालून. तुझ्या पायी नाक कापलं गेलं माझं." आणि आपण जाऊन पाहुण्यांमध्ये, दस्तरखानाच्या पलीकडे, विहीणबाईंच्या पायाशी बसली.

मतलूबाने तबकाकडे बघितलं. पासपोर्टाचं पान तिने अंगठ्याने उघडलं. आतला फोटो बारीक चेहऱ्याचा, घाबरलेला. तो काढला तेव्हा वडील होते. तिने तबक जमिनीवर ठेवलं आणि पासपोर्ट पोलक्यात खोचला.

"ए बाई!" उल्बोसिन ओरडल्या. "तो आमचा झाला आता."

"त्यावर फोटो माझा आहे, आपा. झगा तुमचा, तो घ्या."

"कुल्पाश! धर तिला!"

कुल्पाश ताडकन उठली आणि जागीच थबकली. मध्ये दस्तरखान होतं, भरलेलं, जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत. मांडलेलं अन्न ओलांडणारी बाई व्याह्यांच्या देखत आयुष्यातून उठली असती. ती पाहुण्यांच्या पाठी आणि भिंत यांच्यामधून, "माफ करा, जरा सरका" करत, कोणाच्या खांद्यावर हात टेकत, कोणाचा चहा सांडत येऊ लागली. "थांब गं मतलूबा! कृतघ्न! खाल्ल्या मिठाला जाग जरा!"

"मीठ मीच घालत होते, आपा," मतलूबा म्हणाली. "आणि माझ्या बापाला पुरलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता जाऊन काय करणार. लेकीला अजून पुरलेलं नाही. म्हणून जाते."

ती स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे निघाली. गाठोडं दुपारपासून पिठाच्या पोत्यामागे बांधून ठेवलेलं होतं. दारात रौशन आडवी आली. मतलूबाने मूठ आवळली. पण रौशनच्या हातात रोटी होती, ताजी, गरम. तिचे डोळे कांद्याने लाल झाले होते की कशाने, कोण जाणे.

"एक घास तोड," रौशन पुटपुटली. "रोटी न चाखता या घरातून कोणी जात नाही. अपशकुन होतो."

बाहेर ताश्कंदच्या दिशेने तोंड केलेला एक ट्रक इंजिन सुरू ठेवून उभा होता. आतून कुल्पाशचा आवाज जवळ येत होता.

"तोडलाय घास," मतलूबा म्हणाली आणि तिला खांद्याने बाजूला सारलं. "रोटी घरी खिळ्याला आहे."