‘ब’ आणि कंपनीचं गेट

मंडळी, आज स्पर्धा परीक्षेचा फॉर्म शिरूरला पाचच्या आत द्यायचा होता. शेवटचा दिवस. सणसवाडीत तीनला शिफ्ट सुटली, पण पुढच्या शिफ्टचा माझा रिलीव्हर आलाच नाही. तो आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही.

शेजारच्या मशीनवरचा संदीप आणि मी रोज एक अक्षर घेऊन जगाचा इतिहास घोकतो. आज ‘ब’ होता. बॅबिलोन, बर्लिनची भिंत, बॅस्टिलचा तुरुंग.

चारला वैतागून गेटवर गेलो. वॉचमनमामा म्हणाले, “रिलीव्हर आल्याबिगर जायचं तर सायबाच्या सहीचा गेटपास लागतो. कुठाय?”

“मामा, लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडला, तुम्ही गेटपास काय मागताय!”

“फोडला आसंल. पर त्यांना उद्या तिथंच कामाला यायचं नव्हतं.”

मी मशीनवर परतलो. फॉर्म अजून खिशात आहे. खरं सांगा, तुम्ही गेला असता?