चिठ्ठीतली शेवटची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

मी इथे परदेशात, व्हिटबी गावचा. टाइल्सचा धंदा शून्यातून उभा केला. सौद्यात मला कुणी हरवत नाही, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. आमच्या पाच गावांच्या मराठी क्रिकेटमध्ये मी व्हिटबीचा कॅप्टन होतो. मैदान मोजकेच रविवार मिळायचं, म्हणून फायनल नसायची. चॅम्पियन मतांनी ठरायचा. कल्पना डॉक्टर सान्यांची — ओकव्हिलचे कॅप्टन, रिटायर्ड सर्जन. ते सांगायचे, अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा चॅम्पियन वर्षानुवर्षं असाच ठरायचा: पत्रकार आणि कोच संघांना क्रम देत, कधी एकाच वर्षी दोन संघ चॅम्पियन म्हणून मिरवत. आमच्याकडे प्रत्येक कॅप्टन आपला संघ सोडून बाकी चौघांचा क्रम चिठ्ठीवर लिहायचा. खाली सही. चिठ्ठ्या फक्त आमच्या स्कोअर लिहिणाऱ्या मेधाताई बघायच्या, मोजायच्या.

पहिल्या वर्षी आम्ही एकही सामना हरलो नाही. ओकव्हिल एक हरलं. कप गेला ओकव्हिलला. आम्हाला खाली कुणी ढकललं असेल? ज्याचा फायदा झाला, त्यानंच — दुसरं कोण? हिवाळाभर ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना मी मनातल्या मनात डॉक्टरांशी भांडत होतो.

पुढच्या वर्षी, दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात ओकव्हिलनं सगळ्यांना हरवलं. आम्हालाही. डॉक्टरांचे गुडघे गेले होते, हा त्यांचा शेवटचा सीझन — मला माहीत होतं. तरी मी दोन कॅप्टनना फोन केले. आम्हाला पहिलं लिहा, ओकव्हिलला शेवटी. तुम्हाला मी वर लिहितो. माझ्या चिठ्ठीतही शेवटच्या ओळीत ओकव्हिल.

कप आम्हाला मिळाला. डॉक्टर लंगडत आले, हात पुढे केला. "काय व्हिटबीकर, या हिवाळ्यात तरी झोप लागेल ना?"

मी हसलो.

पुढे मतं बंद झाली, फायनल सुरू झाली, मी सेक्रेटरी झालो. मेधाताईंनी जुन्या चिठ्ठ्यांचा खोका माझ्या हातात ठेवला. पहिल्या वर्षीची डॉक्टरांची चिठ्ठी — एक नंबर, व्हिटबी. आम्हाला शेवटी लिहिणारे? तेच दोघं, ज्यांना मी फोन केले होते. पुढच्या वर्षीचा गठ्ठा मी उघडलाच नाही. त्यात माझी चिठ्ठी होती. खोका निळ्या रिसायकलिंग डब्यात टाकला आणि कचऱ्याचा ट्रक येईपर्यंत खिडकीत उभा राहिलो.

पण मेधाताईंनी तर सगळ्या वाचल्या आहेत — मग खोका मलाच का दिला?

परवा मॅचला डॉक्टर बाउंड्रीपाशी खुर्ची टाकून बसले होते. नव्या मंडळींशी माझी ओळख करून दिली. "हा आमचा मतांवरचा शेवटचा चॅम्पियन. आता सांगायला हरकत नाही, मी याला पहिलं लिहिलं होतं. दोन्ही वर्षं."

शेजारी मेधाताई स्कोअर लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.