ज्यानं पाहिलं त्याची सही

काका समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघायचे. उत्तराची सुरुवात 'नाही'नं करायचे, होकार द्यायचा असला तरी. "नाही, बरोबर आहे तुझं." चहाच्या कपाचा कान उजवीकडे, खिडकीच्या बाजूला लागायचा. काकूंनी चुकून तो फिरवून ठेवला तर चहा तसाच निवायचा. कम्प्युटरच्या पोटात हात घालण्याआधी खुर्चीच्या लोखंडी पायाला बोटं टेकवायचे, अंगातली वीज उतरावी म्हणून. स्क्रू आगपेट्यांत ठेवायचे आणि आगपेटी हलवून आत कोणता स्क्रू आहे ते सांगायचे. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की दार उघडायच्या आधीच म्हणायचे, नको आहे. दिवसातून एकदा हसायचे. कुणाची तरी चूक सापडली की.

छापखान्यात त्यांना नकारघंटा म्हणत. काकूंना ते माहीत होतं. त्या म्हणायच्या, घंटा निदान कुणी ओढली तर वाजते, हे आपणहून वाजतात.

छापखान्यात ते प्लेटांच्या विभागात होते. छापायला जाण्याआधी रंग पडद्यावर तपासायचे, हे त्यांचं काम. तिथल्या सगळ्या कम्प्युटरांत एकाच जातीचं ग्राफिक्स कार्ड होतं. पडद्यावर चित्र उमटवतं ते कार्ड. त्या कार्डाशी कसं बोलायचं हे सिस्टिमला सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. एके दिवशी कार्डाच्या कंपनीनं कळवलं, की कार्ड जुनं झालं, त्याचा ड्रायव्हर आता मिळणार नाही.

छापखान्यातल्या कम्प्युटरांची सिस्टिम लिनक्स होती. लिनक्सला मालक नसतो. जगभरची माणसं त्याचे तुकडे वाटून घेतात आणि सांभाळतात. त्या कार्डासाठी कुणीतरी लिहिलेला एक ड्रायव्हर त्यात होता, पण बेवारस. लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि पडद्यावर सगळ्यांचे चेहरे हिरवे झाले. बाकीच्यांनी जुनी आवृत्ती परत घातली आणि जेवायला गेले. काका जेवायला गेले नाहीत. त्यांनी चूक शोधली, दुरुस्ती पाठवली, ती घेतली गेली. मग आणखी एक. पुढे त्या ड्रायव्हरच्या पुढे सांभाळणारा म्हणून त्यांचं नाव लागलं.

छापखान्यानं नंतर कम्प्युटर बदलले, जुन्यांतला एक काकांनी घरी आणला. नाव राहिलं. काकू त्या कामाला लष्कराच्या भाकऱ्या म्हणत. लष्करात किती माणसं आहेत हेही ह्यांना माहीत नाही, असंही म्हणत.

ड्रायव्हरमध्ये कुणाला काही सुधारायचं असेल तर तो ई-मेलनं पाठवतो. ती ई-मेल सगळ्या जगाला दिसते. सांभाळणाऱ्याचं उत्तरही सगळ्या जगाला दिसतं, आणि पुसता येत नाही. काकांची उत्तरं वाचण्यासारखी होती. एकाला त्यांनी लिहिलं होतं, तुमची दुरुस्ती मी कार्डाला दाखवली, कार्डाला लाज वाटली. दुसऱ्याला नुसतं लिहिलं होतं, हे तुम्ही शुद्धीवर असताना केलंत का. बहुतेक माणसं दुसऱ्यांदा आली नाहीत.

मग काकांचे डोळे गेले. सगळी नजर नाही, मधलीच. डॉक्टरांनी सांगितलं, चेहरा दिसणार नाही, दाराची चौकट दिसेल. छापखान्यानं हार घालून घरी पाठवलं. काकू आधीपासून कपडे शिवत होत्या, आता घर त्यावरच चालू झालं.

मी समोरच्या खोलीत राहत होतो. साहित्यात पदवी घेतली होती आणि नोकरी नव्हती. काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तुला वाचायची आवड आहे ना, मग ह्यांच्या मेली वाचून दाखव, माझा घसा शिलाईच्या खोलीतून ओरडून बसलाय. दुपारचं जेवण त्यांच्याकडे ठरलं.

कोड ऐकायची सोय काकांनी करून घेतली होती. मशीन सपाट आवाजात ओळी वाचायचं आणि ते टाइप करायचे. बोटं कधी चुकली नाहीत. पण पडद्यावर काय उमटलं, हे मशीन सांगू शकत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, काय दिसतंय. मी म्हणालो, पाण्यात रंग सांडल्यासारखं.

"नाही," ते म्हणाले. "सारखं नको. आहे ते सांग, कविराज. डावीकडून, वरून."

मी कविता कधी लिहिली नव्हती. हे सांगितलं तर म्हणाले, मग सुटलास.

दोन शब्दांच्या मध्ये मी घुटमळलो तर ते बोटांनी टेबल वाजवायचे. 'साधारण' म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून. 'सुंदर' एकदाच म्हणालो. मी शिकलो. डावीकडे वर निळा चौकोन. त्याच्या खालची कड सरळ. मधे मजकूर, अक्षरं अखंड. असं.

त्याच वर्षी नोटीस आली. लिनक्समध्ये पडद्याचं काम करण्याची पद्धत बदलत होती. जे ड्रायव्हर नव्या पद्धतीवर येणार नाहीत ते पुढच्या आवृत्तीतून काढले जाणार होते. यादीत काकांचा ड्रायव्हर होता. मी वाचून थांबलो. काका म्हणाले, ह्यात थांबण्यासारखं काय आहे, आणू.

आणता येईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांनी तो जवळजवळ पुन्हा लिहिला. कानांनी. मी डोळे पुरवले. सगळं जमलं आणि एक गोष्ट राहिली. मशीन झोपवलं आणि परत उठवलं की पडद्याच्या उजव्या कडेला एक हिरवी पट्टी यायची, वरपासून खालपर्यंत. हे मी सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा उजळला.

"हिरवा परत आला," ते म्हणाले. जुना शेजारी भेटावा तसे.

त्या पट्टीमागे ते कितीतरी दिवस लागले. एका दुपारी मी बाहेर होतो, म्हणून त्यांनी काकूंना बोलावलं आणि विचारलं, काय दिसतंय. काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, छान दिसतंय.

"छान हा रंग नाही," काका म्हणाले. मग आठवडाभर काकूंशी बोलले नाहीत. काकू मला म्हणाल्या, तेवढीच शांतता. पण त्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली.

पट्टी गेली. मी मशीन झोपवलं, उठवलं, परत झोपवलं. उजवी कड स्वच्छ होती. काकांनी दुरुस्ती बांधून तयार केली आणि राहिल्या तळाच्या ओळी. तिथे नावं येतात, हा तिथला रिवाज आहे. कुणी लिहिलं, त्याचं नाव. ते कार्डावर चालवून कुणी तपासलं, त्याचं नाव. तपासणाऱ्याचं नाव नसेल तर इतका मोठा बदल कुणी घेत नाही.

मी म्हणालो, माझं घाला. काकूही खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नाही," काका म्हणाले. "तू पाहिलंस. तपासलं नाहीस."

"मग तुमचं घाला," काकू म्हणाल्या. "एवढ्या लांबून कुणाला दिसतायत तुमचे डोळे?"

"मी ऐकलं."

"अहो, पट्टी गेली ना? मग पाहिलं काय नि ऐकलं काय."

काकांनी टाइप केलं आणि मला वाचायला लावलं. लिहिलं होतं की माझी नजर गेली आहे. पडदा शेजारच्या मुलानं पाहून सांगितला, मी ऐकून दुरुस्त केलं. तपासणाऱ्याची ओळ कोरी होती. काकू म्हणाल्या, दुसऱ्याच्या पायावर धोंडा पाडून दमलात, आता स्वतःच्या. काकांनी कळ दाबली. गेलं.

उत्तर लिनक्समधल्या पडद्याच्या विभागाच्या प्रमुखाकडून आलं. मी वाचायला लागलो. सुरुवातीला एक जुना मजकूर उतरवला होता. त्यावर तारीख खूप मागची, आणि पाठवणाऱ्याचं नाव काकांचं. मी थांबलो.

"वाच," काका म्हणाले. "आहे तसं."

मी वाचलं. "दुरुस्ती न पाहता पाठवणारा माणूस आंधळ्याहून वाईट. आंधळ्याला निदान ठाऊक असतं की आपल्याला दिसत नाही. ज्याला पडदा दिसत नाही त्यानं पडद्याच्या कामात हात घालू नये."

त्याखाली प्रमुखानं लिहिलं होतं की हे तुम्ही मला लिहिलं होतंत. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्याकडे तुमचं कार्ड नव्हतं, आणि मी ते लपवलंही नव्हतं. मी बरेच दिवस कम्प्युटर उघडला नाही. पण म्हणणं मला पटलं, आणि आता ह्या विभागात तोच नियम आहे. हे कार्ड असलेल्या आणखी कुणी तपासून नाव दिलं तर तुमचं काम आनंदानं घेऊ. नाहीतर ड्रायव्हर काढावा लागेल.

शिवी कुठेच नव्हती. मी दोनदा शोधली.

काका हसले. दिवसाचं हसू. "वाक्य चांगलं आहे," ते म्हणाले. "कोणाचं आहे?"

मी म्हणालो, आपण लिहू या, की तेव्हाची गोष्ट वेगळी होती. ते म्हणाले, नाही, तीच आहे.

मग वाट बघणं सुरू झालं. जगात कुठेतरी कुणाकडे तरी ते कार्ड असणार. मी दुपारी आलो की काका कानाकडे बघत विचारायचे, आलं? नाही आलं. पुढे ते विचारेनासे झाले. मी खुर्ची ओढली की नुसते थांबायचे. एकदाच एक ई-मेल आली. लिहिणारा कोण ते मला माहीत नव्हतं. काकांना नाव आठवलं. त्यानं लिहिलं होतं, "माझ्याकडे हे कार्ड होतं. तुमचं उत्तर वाचून मी ते भंगारात दिलं. नजरेबद्दल वाईट वाटलं."

"हा शुद्धीवर असतानावाला," काका म्हणाले.

मुदत संपली. प्रमुखानं लिहिलं की रिवाज असा आहे की ड्रायव्हर काढण्याचा बदल ज्यानं तो सांभाळला त्यानंच पाठवावा. हा मान तुमचा. काकूंनी हे वाचलेलं ऐकलं आणि शिवणयंत्र थांबवलं.

"स्वतःच्या हातानं?" त्या म्हणाल्या.

"दुसरा काढायला गेला तर काहीतरी राहून जाईल."

आणि त्यांनी काढायला घेतला. मला वाटलं होतं, हे एका कळीचं काम असेल. तसं नव्हतं. त्या ड्रायव्हरची मुळं कुठे कुठे गेली होती, ते फक्त त्यांना माहीत होतं. मशीन सपाट आवाजात ओळ वाचायचं, काका ती खोडायचे. सांभाळणाऱ्यांच्या यादीतली त्यांच्या नावाची ओळही मशीननं तशीच वाचली. तीही खोडली. शेवटी उरलेलं सगळं लिनक्स पुन्हा बांधून बघितलं. एकही चूक निघाली नाही.

फक्त वरचा मजकूर राहिला. बदल का केला, ते प्रत्येक बदलावर लिहावं लागतं. काका हात कळांवर ठेवून बसले. जेवण झाल्यावरही तसेच बसले. मग म्हणाले, "कविराज, आता बघण्यासारखं काही नाही. उद्यापासून येऊ नकोस."

मी म्हणालो, नुसताच येईन, बसायला.

"नाही," ते म्हणाले. ह्या वेळी पुढे काही नव्हतं.

मी गेलो नाही. मला राग आला होता. जिन्यात शिवणयंत्राचा आवाज यायचा, काकांचा यायचा नाही. मग एका सकाळी काकू भेटल्या. हातात कुणाचा तरी अर्धा कोट होता. त्यांनी सांगितलं, भाऊजी येऊन ह्यांना घेऊन गेले, त्यांच्या गावाला. मी विचारलं, कधी परत येणार. त्यांनी कोटाचा दोरा दातानं तोडला.

"मीच बोलावलं भाऊजींना," त्या म्हणाल्या. "तिथं कम्प्युटर नाही. विचारून घेतलं मी."

त्यांनी तोडलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"आयुष्यभर ह्यांची पाठ बघितली. पाठीशी संसार केला म्हण. तो जमला. आता महिनाभर माझ्याकडं तोंड करून बसायचे, आणि बघायचे कानाकडं." त्यांनी कोट खांद्यावर टाकला. "ते नाही जमलं."

काका गेले कसे, ते मी विचारलं. काकू म्हणाल्या, कसे म्हणजे, भाऊजींनी दंड धरला तर आधी वाकून खुर्चीच्या पायाला हात लावला. मग उठले.

काकूंना कापड बेतायला काकांचं टेबल हवं होतं. मशीन कसं बंद करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि वायर ओढायला हात होत नव्हता. मी आत गेलो. आगपेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. कप जागेवर होता, कान उजवीकडे. मशीन चालू होतं, नुसतं झोपलेलं. मी कळ दाबून ते उठवलं.

प्रमुखाची एक ई-मेल येऊन पडली होती. सवडीनं पाठवा, दोन ओळी पुरेत.

"काय दिसतंय?" काकूंनी दारातून विचारलं.

मी त्यांना सांगितलं. पडदा काळा. डावीकडे वर पांढरी अक्षरं. पहिल्या ओळीत ड्रायव्हरचं नाव, त्यापुढे 'काढून टाकणे'. त्याखालची ओळ रिकामी. तिसऱ्या ओळीत 'कारण' हा शब्द आणि त्यापुढे काही नाही. उजवी कड स्वच्छ, वरपासून खालपर्यंत. हिरवी पट्टी नाही.