सोनटक्के साहेबांनी दिलेला विमा

ओळख नाही हो, आधी भांडण झालं. ओळख मागाहून झाली. सोनटक्के साहेब पहिल्यांदा माझ्या दुकानाशी आले तेव्हा मी त्यांना वीजबिलवाले समजले आणि "परवाच भरलंय" म्हणून आत निघून गेले. थोड्या वेळाने बाहेर डोकावले, तर हे अजून तिथेच. पँटीला सायकलच्या क्लिपा, हातात छत्री, आकाशात ढगाचा पत्ता नाही, आणि छत्रीच्या टोकाने माझी पायरी मोजतायत.

"काय हो, पायरी विकत घेताय का?"

"नाही वहिनी," ते चंदीगडात चक्क मराठीत म्हणाले, "इथून कोण पडेल ते बघतोय."

मी गारच पडले. सकाळची वेळ, अजून भवानी झाली नाही, आणि एक परका माणूस दारात उभा राहून कोण पडेल ते बघतोय! मी म्हटलं, "तुम्हीच पडाल आत्ता, मी ढकलल्यावर." ते हसले नाहीत. खिशातून वही काढून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी मला सांगितलंय की साहेबांना साठ वर्षं पूर्ण होतायत, तुम्ही त्यांना जवळून ओळखता, दोन पानं लिहा, चांगलं चांगलं लिहा. माझं शिक्षण आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत. मला सभेतलं मराठी येत नाही. बोलते तसंच लिहिते, गोड मानून घ्या.

आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते. बदलीवर चंदीगडला आलो आणि तीन वर्षांत हे गेले. गावी परत जाऊन दिरांच्या घरी भाकऱ्या थापायच्या नव्हत्या मला. बावीस सेक्टरात एका दुकानाच्या मागची खोली घेतली आणि विजेची चक्की बसवली, तेच माझं दुकान. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट. इथल्या मराठी घरांना दुसरीकडे मिळायचं नाही, फौजी लोकांच्या बायका तर रांग लावायच्या. कामाला एकच बाई होती, बिमला. पिंजौरहून रोज बसने यायची.

साहेब आले त्याच्या आधीच्या आठवड्यात एका कर्नलच्या बायकोचा पाय माझ्या पायरीवर घसरला होता. सांडलेलं तेल पुसायचं राहिलं होतं. कोर्टात खेचीन म्हणाल्या. ती बातमी मंडळात पोचली आणि मंडळातून साहेबांकडे. एकाहत्तरच्या लढाईतला ब्लॅकआऊट उठून दीड वर्ष झालं होतं, विमा कंपन्या नुकत्याच सरकारी झाल्या होत्या, साहेब त्यातल्याच एका कंपनीत अधिकारी.

मला वाटायचं, विमा म्हणजे माझं दुकान जळलं, माझी चक्की चोरीला गेली, तर मला भरपाई. साहेबांनी मान हलवली.

"हा त्यातला नाही. तुमच्या हातून दुसऱ्याचं काही झालं तर, त्यासाठी हा."

"माझ्या हातून? अहो, मी भाजणी विकते, तलवारी नाही."

"म्हणून तर विचारतोय. तुमच्यामुळे कोणाकोणाला इजा होऊ शकते? एकेक नाव सांगा."

आता बोला! नवरा गेलेली बाई म्हणजे जगाने हिला काय काय केलं, हेच लोक विचारतात. ही जगाला काय करेल, असं मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. साहेबांनीच एकेक बोट दुमडत मोजलं. पायरीवरचं गिऱ्हाईक. चक्कीवरची बिमला. आणि माझी भाजणी खाताना खडा लागून ज्याचा दात तुटेल तो.

भाजणीच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी तीन कागद मांडले. एक दुकानात येणाऱ्या माणसाचा, एक कामगाराचा, एक माल खाणाऱ्याचा. तिसरा त्यांनी स्वतःच परत बॅगेत टाकला. "हा मोठ्या कारखान्यांसाठी. तुम्ही डाळ नीट निवडा, तेवढ्याने भागेल." विकायला आलेला माणूस आपला माल आपणच परत ठेवतो, हे मी जन्मात प्रथम पाहिलं.

राहिले दोन. त्या वर्षी मला एकच झेपणार होता. बिमला चक्की थांबवून बघत होती. "बीबीजी, ये साब शादी करवाने आए हैं क्या? इतने काग़ज़!" मी म्हटलं, "तुझीच जमवतायत गं, दुसरी." तेव्हा साहेब पहिल्यांदा हसले.

त्यांची एक रीत तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल. कागदातली ओळ वाचायची, मराठीत सांगायची आणि विचारायचं, "कळलं?" हो म्हटलं की म्हणायचे, "मग आता तुम्ही मला सांगा." बारीक अक्षरातलं तर आधी. त्या कागदात काय काय मिळणार नाही, ते माझ्याकडून तोंडपाठ करून घेतलं. आमच्या गावच्या मास्तरांनीही पाढ्यांसाठी इतकं छळलं नव्हतं. मी वैतागून म्हटलं, "साहेब, सही घ्या नाहीतर छडी तरी मारा." त्यांनी सही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी परत आले, परत विचारलं, मग घेतली. विमा ठरला तो गिऱ्हाइकाचा.

सहा महिने गेले. थंडीचे दिवस, सकाळी अकराची वेळ. बिमलाने शाल पांघरली होती. शालीचं टोक चक्कीच्या पट्ट्यात गेलं, ते सोडवायला तिने हात घातला. मी बटण दाबेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मसाल्यावर रक्त पडलेलं मी बघितलं आणि मला काही ऐकूच येईना. बिमलाचं तोंड उघडं दिसतंय, आवाज नाही.

साहेबांना कोणी कळवलं मला माहीत नाही. शेजाऱ्यांनी बिमलाला पुढे नेलं होतं; मी दवाखान्यात पोचले तेव्हा साहेब तिथे बाकावर होते, क्लिपा पँटीला तशाच. बिमलाचा नवरा बसने पोचेपर्यंत हलले नाहीत. मग मला व्हरांड्यात नेऊन हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडचा कागद बिमलासाठी नाही. कायद्याने तिची भरपाई तुमच्यावर येते." मी तिथेच फरशीवर बसले. चक्की विकली तर मी संपले, नाही विकली तर बिमला. दुसरं काही दिसत नव्हतं.

चक्की विकावी लागली नाही, ती साहेबांमुळे. बिमलाच्या नवऱ्याला समोर बसवून त्यांनी हप्ते ठरवून दिले. मी एक बुडवला तेव्हा सायकलवरून येऊन दुकानात नुसते बसून राहिले. चहाही घेतला नाही. संध्याकाळच्या आत मी तो हप्ता दिला. दर रविवारी ते बसने पिंजौरला जायचे, बिमलाला मलमपट्टीला घेऊन जायचे. त्यांच्या घरच्या कुसुमताई दोन महिने माझ्या दुकानात उभ्या राहिल्या. विमा अधिकाऱ्याची बायको पुड्या बांधतेय! मी म्हटलं, "ताई, लोक काय म्हणतील?" तर म्हणाल्या, "लोक म्हणतील पुडी सैल बांधलीय. सुतळी दे." पट्ट्यावरची लोखंडी जाळी साहेबांनी आपल्या हाताने ठोकली. ती जरा वाकडी बसलीय. मी त्यावरून त्यांना अजून चिडवते, ते अजून मान्य करत नाहीत.

बिमला पुढे गल्ल्यावर बसली. डाव्या हाताने वजन करते आणि साहेबांना सगळ्यांत कमी तोलते. "साब तो घर के हैं।"

आता जे सगळ्यांना माहीत आहे ते. त्यानंतर मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर, तेव्हाच्या अध्यक्षांनी भर सभेत मला विचारलं, "बाई, विमा होता ना तुमचा? मग हे असं कसं? कोणी दिला असला विमा?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या खोलीत बसली होती. साहेब माझ्यापासून दोन खुर्च्यांवर.

मी म्हटलं, "मला काय कळतंय यातलं? साहेबांनी सांगितला तो घेतला."

साहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या... नाही, पँटच त्या दिवशीही, रुमालाने पुसला आणि परत लावला. म्हणाले, "झालं ते वाईट झालं खरं." बस, एवढंच.

त्या वर्षी ते मंडळाचे खजिनदार व्हायचे होते, झाले नाहीत. चार-पाच घरांनी आपले विम्याचे कागद दुसऱ्याकडे नेले. तुमच्यातले कितीतरी जण आजही म्हणतात, माणूस भला, पण बाईच्या गळ्यात चुकीचा विमा मारला. पुढच्या आठवड्यात साहेब भाजणी न्यायला आले. मी मान खाली घालून पुडी बांधली. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाले, "या खेपेला जरा कच्ची राहिलीय वहिनी." पैसे ठेवले आणि गेले. आजपर्यंत त्यांनी मला त्या सभेबद्दल एक शब्द विचारलेला नाही.

साहेब, साठ म्हणजे काही वय नाही. तुमचे गुडघे सायकल ओढत राहोत, कुसुमताईंचा धाक तुमच्यावर असाच राहो, दात शेवटपर्यंत शाबूत राहोत आणि आमच्या बिमलाच्या हातची कमी तोललेली भाजणी आणखी खूप वर्षं तुमच्या घरी जावो.

सेक्रेटरी, याच्या पुढचं कापू नका. कापलंत तर मी सत्काराच्या दिवशी माईकवर येऊन सांगेन.

साहेबांनी मला बिमलाचा विमा घ्यायला सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्या दिवशी ते सहीसाठी नाही, तेवढं सांगण्यासाठी परत आले होते. मी नको म्हटलं. एकच झेपणार होता तरी पैशाचं कारण नव्हतं, हप्ता दोन्हींचा जवळजवळ सारखाच होता. त्या फॉर्मवर बिमलाचा पगार लिहावा लागत होता. मी तिला काय देत होते, ते माझ्या हाताने लिहायची मला लाज वाटली.